आधी धूळ, मग ताकद

ट्रॉय, मिशिगन
ऑगस्टचा दुसरा रविवार

चि. ओंकार यास,


तुझ्या सिल्व्हरॅडो पिकअपचे फोटो पाहिले. 2015 ची असूनही गाडी छान ठेवली आहेस. फोटोंखाली तू विचारलंयस, ‘नानाकाका, कोल्ड एअर इनटेक बसवू का? पंधरा हॉर्सपॉवर वाढते म्हणतात.’ कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून त्याजागी नवी नळी आणि फिल्टर बसवायचं हे किट म्हणजे चारशे डॉलरचा प्रश्न आहे, म्हणून फोनवर न उरकता पत्र लिहितोय.

आधी हिशेब बघ. तुझं इंजिन 5.3 लिटरचं. फोर-स्ट्रोक असल्यामुळे दर दोन फेऱ्यांना ते फार तर तेवढी हवा ओढणार. म्हणजे मिनिटाला 2000 फेऱ्यांवर जास्तीत जास्त 5300 लिटर, तेही पेडल पूर्ण दाबलेलं असताना. तू फ्रेस्नोत रोज कामावर जातोस तेव्हा पेडल जेमतेम दाबलेलं असतं आणि थ्रॉटलची झडप बरीचशी मिटलेली. घसाच मिटलेला असताना नाकपुड्या रुंद करून काय मिळणार? मूळच्या डब्याचा अडथळा जाणवलाच तर चढावर ट्रेलर ओढताना, इंजिन 5000 च्या पुढे गेल्यावर जाणवेल. तिथेही चार-आठ हॉर्सपॉवर मिळाली तर पुष्कळ. बाकी वाढतो तो आवाज. तो आवडत असेल तर आवाजासाठी घे, मी हसणार नाही. पण ताकदीच्या नावावर आवाज विकत घेऊ नकोस.

आता ‘कोल्ड’ या शब्दाचं. थंड हवा दाट असते, हे खरं. साधारण तीन अंश सेल्सिअसने तापमान वाढलं की हवेची घनता एक टक्क्याने उतरते. पण कित्येक किटांत उघडा शंकू-फिल्टर बॉनेटखाली तसाच सोडलेला असतो. बाहेर 38 अंश आणि आत 63 असेल, तर तो सात-आठ टक्के पातळ हवा ओढणार. कंपनीचा डबा मात्र बाहेरची हवा घेतो. म्हणून घ्यायचंच तर बंद डब्याचं किट घे, ज्याच्या कडेचं रबर बॉनेटला नीट चिकटून बसतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुझ्याकडची धूळ. तुमच्या खोऱ्यात आता बदामाची काढणी सुरू होईल. झाडं हलवून बदाम जमिनीवर पाडतात, मग यंत्रांनी झाडून गोळा करतात, आणि ऑक्टोबरपर्यंत रस्त्यांवर धुरळा उठत राहतो. आपल्या शेतावरच्या डिझेल इंजिनाला ऑइल-बाथ एअर क्लीनर होता. त्यातलं तेल चिखलासारखं झालं की तुझे आजोबा चहाही न घेता आधी ते बदलत. त्यांना हॉर्सपॉवर मोजता येत नव्हती, पण धूळ आत गेली की रिंगा आणि सिलिंडर घासतात, हे पक्कं ठाऊक होतं. फिल्टरचं पहिलं काम धूळ अडवणं. तेव्हा विकणाऱ्याला विचार, आयएसओ 5011 या पद्धतीने चाचणी केलीय का, आणि धूळ किती टक्के अडली? हवा किती जाते हे सगळे सांगतात. धूळ किती अडते हे जो सांगेल, त्याच्याकडून घे.

तेल लावलेला कापडी फिल्टर घ्यायचा की कोरडा? तुझ्यासाठी कोरडा. माझ्या पहिल्या पिकअपला मी कापडी फिल्टर लावला होता. धुतल्यावर हौसेने दुप्पट तेल चोपडलं. ते उडून हवामापक सेन्सरच्या तारेवर बसलं आणि महिनाभर इंजिन आचके देत होतं. दोष फिल्टरचा नव्हता, माझ्या हाताचा होता.

शिवाय तू कॅलिफोर्नियात आहेस. तिथे इनटेकला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर लागतो. तो तुझ्या वर्षाला आणि तुझ्या इंजिनाला लागू आहे का, हे पैसे देण्याआधी तपास. नंबराचं स्टिकर बॉनेटखाली दिसेल असं चिकटव. नाहीतर स्मॉग चेकला गाडी नुसत्या नजरेनेच नापास होईल.

बसवायला दोन तास पुरतील, पण इंजिन गार झाल्यावरच हात घाल. बॅटरीची निगेटिव्ह तार काढ. हवामापक सेन्सरचं कनेक्टर खटका दाबून सोडव, वायर ओढू नकोस. सेन्सर दोन छोट्या स्क्रूंवर असतो. काढताना आतल्या तारेला बोट लावू नकोस. हवा ज्या नळीतून जाते तिचा व्यास गृहीत धरूनच कॉम्प्युटर सेन्सरच्या मापावरून हवेचा हिशेब करतो. म्हणून नव्या नळीत सेन्सरची जागा तुझ्याच इंजिनासाठी बेतलेली हवी. थ्रॉटलचं तोंड उघडं पडलं की स्वच्छ फडकं कोंब, आणि शेवटी ते आठवणीने काढ. ब्रीदरची नळी जोड. क्लॅम्प घट्ट हवेत, पण प्लास्टिक चिरडेल इतके नकोत.

मग इंजिन चालू करून कान दे. शिट्टी ऐकू आली तर कुठेतरी फट आहे. सेन्सरने न मोजलेली हवा आत जाते आणि पी0171, पी0174 हे बिघाडाचे कोड येतात. आठवड्याने क्लॅम्प पुन्हा तपास.

आता माझं मत सांगतो. या आठवड्यात कंपनीचाच पंचवीस-तीस डॉलरचा नवा कागदी फिल्टर टाक आणि बदामाचा हंगाम त्यावर काढ. नोव्हेंबरात तो काढून बघ. किती धूळ अडलीय ते डोळ्यांनी दिसेल. त्यानंतरही हौस उरली तर किट घे, मी थँक्सगिव्हिंगला तिकडे येणारच आहे, दोघं मिळून बसवू. काढलेला मूळचा डबा मात्र फेकायचा नाही, गॅरेजात नाव घालून ठेवायचा.

तुझा,
नानाकाका