पॉझिटिव्ह राहा... पण चिंचोके मोजून!

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख दे असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मला आधी हसूच आलं. दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये होते. मराठीच्या पेपरात माझे निम्मे मार्क ऱ्हस्व-दीर्घातच जायचे. पण विषय मनातला आहे म्हणून धाडस करतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

आणि रेक्टर मॅडम, पहिल्यांदाच कबूल करून टाकते. हो, शनिवारी रात्री आम्ही मुली पत्ते खेळतो, तेसुद्धा पोकर! पण पैसे लावून नाही, चिंचोके लावून. माझ्या रूममेटच्या घरी उन्हाळ्यात चिंच फोडतात, तिथून तिने डबाभर चिंचोके आणलेत. प्रत्येकीला शंभर मिळतात, संपले की बाहेर बसून चहा करायचा.

ज्यांना झब्बू आणि मेंढीकोटच्या पुढे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही खेळतो त्या प्रकाराला टेक्सास होल्डम म्हणतात. प्रत्येकीला दोन पत्ते, ते फक्त तिने बघायचे. मध्ये पाच पत्ते सगळ्यांचे मिळून उघडतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचा. प्रत्येक टप्प्यावर चिंचोके लावायचे, वाढवायचे किंवा पत्ते टाकून गप्प बसायचं. सात पत्त्यांतून ज्याची पाचांची जोडणी भारी, त्याचा ढीग. बास, इतकंच. पण या "गप्प बसायचं"मध्येच अर्धा खेळ आहे, हे कळायला मला एक वर्ष आणि एक केटी लागली!

आता मूळ मुद्दा. मी स्वभावाने भयंकर पॉझिटिव्ह. शाळेत प्रत्येक स्पीच कॉम्पिटिशनला मी "थिंक पॉझिटिव्ह" याच विषयावर बोलायचे, कप पण मिळायचे. तिसऱ्या सेमला एम-थ्रीच्या सहा युनिट्सपैकी दोन मी सरळ ऑप्शनला टाकली. म्हटलं, यावर काही येणारच नाही, मन सांगतंय. आणि खरंच, फारसं आलं नाही! मी मस्त पास झाले. माझ्या रूममेटने मात्र सहाच्या सहा युनिट्स केली होती, जुने पेपर सोडवले होते, आणि पेपरच्या आदल्या रात्री तिला १०३ ताप आला. तिला केटी लागली. मी तिच्या शेजारी बसून काय म्हटलं असेल? "अगं, तू मनाने निगेटिव्ह होतीस ना, म्हणून झालं." आज आठवलं की मला माझीच लाज वाटते.

पुढच्या सेमला मी तोच फॉर्म्युला लावला. सिग्नल्सची दोन युनिट्स ऑप्शनला, मनात तोच विश्वास. त्या दोन युनिट्सवरच सगळा पेपर आला म्हणा ना! मला केटी, आणि तिने तापातली एम-थ्री आधीसारखाच अभ्यास करून आरामात काढली.

त्याच सुट्टीनंतर तिने मला पोकर शिकवलं. एक उदाहरण देते, आपण इंजिनिअर आहोत, गणिताला घाबरायचं नाही. समजा तुमच्याकडे दोन इस्पिक आहेत, मध्ये चार पत्ते उघडलेत त्यात दोन इस्पिक. अजून एक आलं की पाच इस्पिकं, म्हणजे फ्लश. न दिसलेले पत्ते ४६, त्यात इस्पिकं ९. म्हणजे साधारण पाचात एकदा. समोरची म्हणते, दहा चिंचोके टाक. टाकायचे का?

मी म्हणायचे, "येणार गं, इस्पिकच येणार!" आणि टाकायचे. रूममेट म्हणायची, आधी ढीग मोज. ढिगात ३० असतील तर ४६ वेळांपैकी ९ वेळा ३० मिळतील म्हणजे २७०, आणि ३७ वेळा १० जातील म्हणजे ३७०. तोटा, पत्ते टाक. ढिगात ६० असतील तर मिळतील ५४०, जातील तेच ३७०. आता खुशाल खेळ. पत्ते तेच, आत्मविश्वास तोच, पण एक निर्णय चूक आणि एक बरोबर.

आणि यातली खरी गंमत बघा. त्या बरोबर निर्णयातसुद्धा पाचातल्या चार वेळा तुम्ही हरणारच! मग पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे काय करायचं? इस्पिक येईल असं मनाला पटवत बसायचं नाही. चार वेळा हरून पाचव्या वेळीसुद्धा डोकं ठिकाणावर ठेवून ढीग मोजायचा. माझ्या मते या खेळात पॉझिटिव्ह अॅटिट्यूडला एवढीच जागा आहे, आणि ती काही छोटी नाही.

छोटी नाही हे मी अनुभवाने सांगते. एकदा माझ्याकडे एक्का-एक्का आला. ५२ पत्त्यांत ही जोडी २२१ वेळांत एकदा मिळते. समोरच्या मुलीकडे राजा-राजा. दोघींनी सगळे चिंचोके मध्ये लोटले. अशा वेळी एक्केवाली शंभरातल्या साधारण ८२ वेळा जिंकते. चार पत्ते उघडले, राजा नाही. उरलेल्या ४४ पत्त्यांत राजे फक्त दोन. आणि शेवटचा पत्ता... चौकटचा राजा! माझ्याकडे सहा चिंचोके उरले. पुढच्या हाताला मला सत्ती-दुर्री आली, दोन वेगळ्या रंगांची, म्हणजे जवळजवळ सगळ्यात भिकार पत्ते. मी रागाने सहाही लोटले. रूममेट एवढंच म्हणाली, "तू पत्ते नाही खेळत आहेस, राग खेळतेयस."

पोकरवाले याला टिल्ट म्हणतात. पिनबॉलच्या मशीनला कोणी रागाने हलवलं की मशीन टिल्ट दाखवून बंद पडतं, शब्द तिथून आलाय. सकाळचा पेपर वाईट गेला म्हणून दुपारी पुस्तकच न उघडणं हा आपल्या हॉस्टेलवरचा टिल्ट. पूर्ण मजला टिल्ट झालेला मी पाहिलाय!

आता कोणी म्हणेल, पण ख्रिस मनीमेकरचं काय? (आडनाव खरंच हेच आहे.) हा अमेरिकेतला टेनेसीचा साधा अकाउंटंट. शंभर डॉलरपेक्षा कमी फी भरून त्याने एक ऑनलाइन स्पर्धा जिंकली, त्यातून २००३ च्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत जागा मिळवली आणि २५ लाख डॉलर जिंकून आला. शेवटच्या लढतीत हातात काही नसताना त्याने सॅमी फार्हासारख्या मुरलेल्या खेळाडूला पत्ते टाकायला लावले. जिगर हवीच, मान्य. पण त्या स्पर्धेत ८३९ जण होते. बाकीचे ८३८ काय रडत-रडत बसले होते? तेही पॉझिटिव्हच असणार. त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही, एवढाच फरक.

त्यापेक्षा मला मारिया कोनिकोव्हा आवडली. ही मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेली लेखिका. सुरुवात केली तेव्हा पत्त्यांच्या जोडात किती पत्ते असतात हेही तिला ठाऊक नव्हतं. एरिक सायडेल या नामवंत खेळाडूने तिला शिकवलं आणि २०१८ मध्ये तिने एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. तिच्या पुस्तकातलं मला सगळ्यात भावलं ते हे की, "माझे एक्के कसे हरले" अशी रडकथा सायडेल ऐकूनच घ्यायचा नाही. तू निर्णय कसा घेतलास ते सांग, बाकी राहू दे, असा त्याचा खाक्या. तेव्हापासून मी एक वही ठेवलीय. एका पानावर निर्णय, समोरच्या पानावर निकाल. एम-थ्रीसमोर मी लिहिलं: निर्णय चूक, निकाल पास. ते लिहिताना खूप जड गेलं. रूममेटसाठी लिहिलं: निर्णय बरोबर, निकाल केटी. ते पान मी तिला दाखवलं आणि सॉरी म्हटलं.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. माझा मावसभाऊ एका अॅपवर पैसे लावून पोकर खेळायचा. तो माझ्यापेक्षाही पॉझिटिव्ह. हरला की म्हणायचा, आता पुढचा हात माझाच, कारण इतका वेळ हरलोय. पण पत्ते पिसले की त्यांना मागचं काहीही आठवत नाही. दोन सेमची फी गेली तेव्हा घरी कळलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण त्याची फी त्याच्या आधीच गेली होती. आता तो शिकवण्या घेऊन मावशीला हप्त्याने पैसे देतो.

दिवाळीत तो घरी आला होता. मी उत्साहाने चिंचोक्यांची पिशवी काढली. तो म्हणाला, "चिंचोके असले तरी नको गं." मग आम्ही आजीला घेऊन बदाम सात खेळलो. आजीच जिंकली. किलवरची अठ्ठी तिने शेवटपर्यंत अडवून ठेवली होती.