दुष्काळाची पूर्वसूचना व आपले कर्तव्य

काशीद व मुरूड तालुक्यातील व्यापारी, बागायतदार व दानशूर गृहस्थ यांस सविनय विनंती :—

दुष्काळ हा केवळ घाटावरचा विषय होय, हा समज आम्हांस यथार्थ वाटत नाही. कोकणात पाऊस विपुल. परंतु उतारावरून तो लवकर समुद्रास मिळतो व वैशाखात विहिरी तळ गाठतात.

दुष्काळ भूकंपासारखा अकस्मात येत नाही. तो आधी वर्दी देतो. १८७६-७८ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने ठिकठिकाणचे वृत्तांत मिळवून सरकारपुढे मांडले. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालावरून दुष्काळसंहिता निर्माण झाल्या. पीक बुडाल्यावर ठरणारी पैसेवारी ही झाल्या हानीची साक्ष होय, पूर्वसूचना नव्हे. म्हणूनच २०१६ च्या केंद्रीय नियमपुस्तिकेने पर्जन्य, जमिनीतील ओल व उपग्रहाने टिपलेली हिरवळ यांस महत्त्व दिले.

तरी गावोगावी पाऊस व विहिरींची पातळी नोंदवून शेजारच्या तालुक्यांस कळवावी. घाटावर चारा तुटताच येथील पेंढा तिकडे जावा, व आपल्या अडचणीत त्यांनी धावावे. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा आजच यथाशक्ति साह्य करावे, ही प्रार्थना.