राज्याचा जमाखर्च आणि रयतेची गाऱ्हाणी

पन्नास वर्षांच्या ब्रिटिश अमलानंतर 1881 साली म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याकडे परत आले, तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे 80 लाख रुपयांचे कर्ज होते. 1876 ते 1878 च्या दुष्काळात सुमारे 10 लाख माणसे दगावली होती. अशा वेळी दिवाण रंगाचार्लू यांनी एक नवाच पायंडा पाडला. दरसाल दसऱ्याच्या सुमारास राज्यातील जमीनदार व व्यापारी यांना म्हैसूरला पाचारण करावे आणि गतवर्षीच्या कारभाराचा वृत्तान्त व पुढील वर्षाचे बेत त्यांच्यापुढे ठेवावेत, अशी ही योजना होती. या प्रजाप्रतिनिधी सभेची पहिली बैठक 7 ऑक्टोबर 1881 रोजी भरली.

खर्च मंजूर अथवा नामंजूर करण्याचा अधिकार सभेला नव्हता. दिवाणांचे निवेदन ऐकावे व आपापल्या भागाची गाऱ्हाणी मांडावीत, एवढेच सभासदांच्या हाती होते. तळी दुरुस्त करा, रस्ते बांधा, शाळा काढा, अशा मागण्या होत. आणि त्याच बैठकीत सारा हलका करा, जंगलाचे निर्बंध सैल करा, असेही सांगितले जाई. खर्च वाढवावा आणि कर मात्र घटवावा, हे परस्परविरोधी आहे असे म्हणून ही गाऱ्हाणी निकालात काढणे सोपे आहे. परंतु ते उतावीळपणाचे ठरेल. कचेरीत भरलेला सारा रयतेला दिसत होता, गावच्या तळ्याचा फुटलेला बांधही दिसत होता. भरलेला पैसा पुढे कोठे गेला, हे मात्र दिसत नव्हते.

मोठ्या कामांच्या बाबतीत तर हे अंतर फारच वाढे. शिवसमुद्रम येथील वीज 1902 साली प्रथम पोहोचली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना. खुद्द म्हैसूर शहरात दिवे लागले ते 1908 साली. विजेच्या विक्रीतून दरबारला उत्पन्न मिळे हे खरे, पण तळ्यावर अवलंबून असलेल्या कोरडवाहू गावाला त्याचे काय अप्रूप वाटावे? कण्णंबाडीच्या धरणाचे काम 1911 साली सुरू झाले आणि ते पुरे होण्यास दोन दशके लागली.

विश्वेश्वरय्या दिवाण असताना, 1917 पासून, अंदाजपत्रकाच्या चर्चेसाठी सभेची वेगळी बैठक भरू लागली. 1923 च्या कायद्याने नवा कर बसविण्यापूर्वी सभेचे मत घेणे आवश्यक ठरले. मतदानाचा हक्क मात्र मालमत्ता, सारा व शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला राहिला; ज्यांना सार्वजनिक विहिरीची व दवाखान्याची निकड सर्वांत अधिक, त्यांतील बहुतेक जण मतदारयादीबाहेरच होते.