आईच्या खात्यावरचा देव

मी निफाडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनला गेले ती शेतीशास्त्र शिकायला. परत येऊन बरीच वर्षं झाली, तरी लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "तिकडं जाऊन देवधर्म सुटला असेल ना गं?" एका वाक्यात उत्तर येत नाही, म्हणून हे आकडे टाकून.

१. माझी श्रद्धा आईच्या खात्यावर चालली होती, हे तिकडे गेल्यावर कळलं. एकादशी आई करायची, खिचडी मी खायची. घट ती बसवायची. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरला निघाल्या की चुलते पायी जायचे आणि मी वारकऱ्यांना चहा द्यायचे. एवढ्यावर मी स्वतःला भाविक समजत होते. तिकडचं पहिलं नवरात्र परीक्षेच्या धांदलीत निघून गेलं आणि काहीच झालं नाही. कुणी रागावलं नाही, देवीही नाही. ते काहीच न होणं मला फार जड गेलं.

२. मग मी एकदम धार्मिक झाले. घरी कधी नव्हते इतकी. त्यात भक्ती किती आणि घरची आठवण किती, हे आजही सांगता येणार नाही. शिवाय तिकडे प्रत्येक भारतीय विद्यार्थी आपोआप धर्माचा प्रवक्ता होतो. शेजारच्या खोलीतल्या केनियाच्या मैत्रिणीने विचारलं, "उपास अकराव्याच दिवशी का?" मी चंद्र, पचनसंस्था आणि पूर्वजांची दूरदृष्टी यांची मोट बांधून झकास उत्तर ठोकलं. रात्री फोनवर आईला खरं कारण विचारलं. ती म्हणाली, "मला काय ठाऊक? तुझी आजी करायची."

३. समुद्र ओलांडला की माणूस बाटतो किंवा उलट कट्टर होतो, या दोन्ही समजुतींवरचा माझा विश्वास उडाला तो न्यायमूर्ती रानड्यांमुळे. ते 1842 साली आमच्या निफाडात जन्मले, हे शाळेत घोकलेलं. बाकीचं, त्यांचं आणि त्यांच्या काळातल्या माणसांचं, तिकडच्या लांबलचक हिवाळ्यात वाचलं. 1883 साली दोन मराठी बायका परदेशी निघाल्या. आनंदीबाई जोशी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं जाहीर सांगून अमेरिकेला गेल्या आणि तशाच राहिल्या. पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण 1886 मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा तो समारंभ पाहायला रमाबाई मुद्दाम अटलांटिक ओलांडून गेल्या. मला धर्मांतरापेक्षा हा प्रवास मोठा वाटतो. आणि रानडे? ते विलायतेला कधी गेलेच नाहीत. तरी पुण्यातल्या पुण्यात, 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहापायी त्यांच्यावर प्रायश्चित्ताची पाळी आली. ते चहाचं प्रकरण गाजवलं गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे आनंदीबाईंच्या नवऱ्यानेच! विठ्ठल रामजी शिंदे तर 1901 मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मच शिकायला गेले, आणि परत येऊन 1906 साली मुंबईत अस्पृश्यांसाठी मिशन काढून बसले. यातून नियम काढायचा कसा?

४. युरोपात देव संपला आहे, असं मी गृहीत धरून गेले होते. मास्ट्रिख्टला जुन्या चर्चमध्ये चक्क पुस्तकांचं दुकान पाहिलं तेव्हा खात्रीच पटली. पण आमच्या घरमालकीणबाई रविवारी कपडे वाळत घालत नसत. आमचे आजोबा सोमवारी औत धरत नसत. या विषयावर आम्हा दोघींना एकमेकींना काहीही समजावून सांगावं लागलं नाही.

५. माझा माज उतरवला तो द हेगमधल्या एका म्हातारीने. तिथे सूरीनामहून आलेले हिंदुस्तानी पुष्कळ. त्यांचे पूर्वज बिहार-उत्तर प्रदेशातले गिरमिटिया मजूर. 1873 साली 'लल्ला रूख' जहाजातून पहिली तुकडी सूरीनामला उतरली. 1975 च्या स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांतले हजारो लोक नेदरलँड्सला आले. आजीबाईंनी भारत पाहिलेला नव्हता. मी थेट भारतातून आलेली, म्हणून मोठ्या मानाने त्यांनी मला हनुमान चालिसा म्हणायला पुढे बसवलं. मी अर्ध्यावर अडखळले. त्यांनी डोळे मिटून, एकही शब्द न चुकता पुरी केली आणि वर माझ्याच हातात प्रसाद ठेवला, जरा जास्तच.

६. विज्ञान की देव, हा प्रश्न मला वर्गात पडायचा; माझ्या वडिलांना, नानांना, कधी पडला नाही. मार्चमध्ये तिथल्या दुकानात अर्ध्या किलोच्या डब्यात भारताची द्राक्षं दिसली. डोळे भरून आले असं लिहायला हवं, पण मी आधी किंमत पाहिली आणि नानांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न रेसिड्यूचा, म्हणजे फवारणीच्या उरलेल्या अंशाचा. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशापायी युरोपात आपली द्राक्षं अडकली, तो घाव निफाड तालुका विसरलेला नाही. नाना दरवर्षी पहिला घड वणीला सप्तशृंगीला वाहतात आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. दोघींचाही निकाल निमूट मानतात.

७. परत आल्यावर मी काय सोडलं आणि काय धरलं, ही यादी माझी मलाच चमत्कारिक वाटते. पाळीच्या दिवसांत देव्हाऱ्यापासून लांब बसणं सोडलं. त्यावरून आईचा अबोला सोसला. घट आता मीच बसवते, ऑक्टोबर छाटणीच्या गर्दीतसुद्धा. पौषात कडाक्याच्या थंडीत दिंडीबरोबर नाशिकपर्यंत चालते. पुढे त्र्यंबकला नाही, कारण तेव्हा बागेत माल तयार होत असतो आणि कंटेनर कुणासाठी थांबत नाही. आईच्या मते हे सगळं अर्धवट आहे. केनियाच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं, तर तिला ते फारच जास्त वाटलं.