घराचे कागद

वार्षिक अंकात विद्यार्थ्यांनी कथा-कविता लिहाव्यात, फार तर एखाद्या कादंबरीचे रसग्रहण करावे, असा प्रघात आहे. मी मात्र काही रूक्ष कागदांविषयी लिहिणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले पहिले माणूस आपणच आहोत. अशा घरी बँकेचे वा कचेरीचे पत्र आले की ते 'शिकलेल्या'च्या हाती दिले जाते. त्या घरातील आयुष्यभराचा सर्वांत मोठा व्यवहार म्हणजे पहिले घर विकत घेणे. आम्हां मराठीच्या विद्यार्थ्यांना बखरीतले फार्सी शब्द उमगतात, परंतु साठेखत आणि खरेदीखत यांतील भेद विचारला तर आम्ही गप्प बसतो.

तो भेद असा. इसारपावती म्हणजे व्यवहार ठरल्याची खूण म्हणून दिलेल्या पैशांची पावती. साठेखत म्हणजे 'पुढे विकीन' असा करार. खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्री. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. शंभराची ही मर्यादा त्या काळची. आज त्यातून काहीच सुटत नाही.

आता वस्तीतला व्यवहार पाहू. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, बाजार समितीत हमाली करतात. आई चार घरी स्वयंपाक करते. शहराच्या कडेला एका शेतातील एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि त्यावर पत्र्याच्या दोन खोल्या त्यांना देऊ केल्या आहेत. कागद कोणता, तर मुद्रांकावर टंकलेला व नोटरीचा शिक्का मारलेला करारनामा, सोबत कुलमुखत्यारपत्र. शिक्का लाल व ठसठशीत असल्याने भारदस्त दिसतो. परंतु नोटरी केवळ सही कोणी केली याची साक्ष देतो; मालकी देण्याचा अधिकार त्याला नाही. कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या अशा 'विक्री'ने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगितले आहे.

मग लोक असे का करतात? अडाणीपणामुळे, असे म्हणणे सोपे आहे आणि ते मला पटत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे विकण्यावर बंधन घातले. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या, २००१ मध्ये गुंठेवारीचा निराळा कायदाही आला. तथापि हमालाला परवडणारी जागा गुंठ्याचीच असते आणि ज्याची नोंदणी अडते तेच स्वस्त मिळते. आण्णा म्हणाले, "सगळी वस्ती अशीच वसली, कोणाला उठवलंय?" हा प्रश्न पोकळ नाही. पण राहता येणे निराळे आणि मालक होणे निराळे. अशा कागदावर बँक कर्ज देत नाही, आणि उद्या मूळ मालकाने तीच जागा दुसऱ्याला नोंदणी करून दिली तर भांडायला हाती फारसे काही उरत नाही.

यानंतर सातबारा. गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख व १२ ही पिकांची नोंदवही. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आता शासनाच्या संकेतस्थळावरून थोड्या शुल्कात मिळतो. नाव जुळले की लोक उतारा घडी घालून ठेवतात. खरे वाचायचे ते पुढेच आहे. 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले असेल तर ती जमीन परवानगीवाचून विकता येत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा बोजा, कुळाचे नाव, दाव्याची नोंद असते. फेरफार क्रमांकांवरून जमीन या माणसाकडे कशी आली ते कळते. शिवाय सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. त्यातील नोंद खरी मानून चालतात, पण ती खोटी ठरवता येते. केवळ नोंदीने मालकी सिद्ध होत नाही. म्हणून वकील दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक २ पाहून तीस वर्षांचा शोध घेतात. त्याची फी वाचवू नये.

आम्ही काढलेल्या उताऱ्यावर सोसायटीचा बोजा निघाला आणि विकणाऱ्याबरोबर त्याच्या दोन बहिणींची नावे निघाली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे. "बहिणी काय, सही करतील की," असे विकणारा म्हणतो. बहिणीचा हक्क ही भावाने गृहीत धरायची गोष्ट आहे, हे मला एरवीही खटकते. येथे तर त्यावर आमचे छप्पर उभे राहायचे आहे.

सदनिकेचा मार्ग थोडा सरळ आहे. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारावाचून बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि भाव चटई क्षेत्रावर सांगावा लागतो. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला त्या कायद्याखाली नोंदणीची सक्ती नाही, हे लक्षात ठेवावे. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. आईला हे सांगितले तेव्हा तिने दोनदा विचारले.

अडचण हप्त्याची. १० लाखांचे कर्ज, दर ९ टक्के, मुदत २० वर्षे धरली तर हप्ता सुमारे ८,९९७ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटते १,४९७. एकूण फेड साडेएकवीस लाखांहून अधिक. मुदत १५ वर्षे केली तर हप्ता १०,१४३ होतो, पण एकूण फेड सव्वाअठरा लाखांच्या आसपास राहते. दरमहा साडेअकराशे अधिक भरून तीन लाखांहून जास्त वाचतात. हे गणित आण्णांना मी वहीच्या पाठीमागे मांडून दाखवले. ते म्हणाले, "पंधरा वर्षं पाठ टिकली पाहिजे." या रकान्यासाठी माझ्याकडे आकडा नव्हता.

इसार अद्याप दिलेला नाही. विकणाऱ्याकडे दुसरे गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. त्याच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला आहे, थोरलीचा यायचा आहे.