कार्ड उडालेलं नाही गं

अगं, काल फोनवर किती रडवेली झाली होतीस! हौसेने लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकलंस, वायफाय लागलं, आणि गाणं लावलं तर चिडीचूप. "ताई, साउंड कार्ड उडालं," म्हणालीस. नाही उडालं. आणि सगळं पुसून पुन्हा टाकायच्या भानगडीत तर मुळीच पडू नकोस.

टर्मिनल उघड आणि 'अल्सामिक्सर' हा शब्द इंग्रजीत, लहान अक्षरांत, सलग टाइप कर. बहुतेक एकच पट्टी दिसेल. एफ सिक्स दाबून खरं कार्ड निवड, मग मास्टर, स्पीकर, हेडफोन अशा उभ्या पट्ट्या येतील. ज्या पट्टीखाली 'एमएम' दिसेल तिचं तोंड बंद केलेलं आहे. बाणाने तिच्यावर जा, एमची कळ दाब. दोन शून्यं आली की ती बोलती झाली; वरच्या बाणाने आवाज चढव. माझा पहिला लॅपटॉप दोन दिवस मुका बसला होता तो एवढ्यासाठीच, म्हणून कळवळून सांगतेय.

तरीही शांतताच असेल तर सेटिंग्जमध्ये साउंडचं आउटपुट बघ. टीव्हीची वायर लागते ते एचडीएमआयसुद्धा तिथे दिसतं, आणि कधी कधी सगळा आवाज तिकडेच जात असतो.

एफ सिक्सच्या यादीत तुझं कार्डच नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी. बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपांत आवाजाचं काम एक छोटा वेगळा प्रोसेसर करतो आणि त्याला स्वतःचं फर्मवेअर लागतं. डेबियनमध्ये ते 'फर्मवेअर-सॉफ-साइन्ड' या पॅकेजात असतं. 2023च्या डेबियन 12पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं; तुझी आवृत्ती जुनी असेल तर ते वेगळं घालावं लागेल. घातल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू कर.

आणि हे कुणी वाऱ्यावर सोडलेलं काम आहे असं समजू नकोस. यारोस्लाव किसेला यांनी 1998मध्ये ग्रॅविस अल्ट्रासाउंड या एका कार्डाच्या ड्रायव्हरपासून अल्सा हे लिनक्सचं आवाजाचं सॉफ्टवेअर उभं करायला घेतलं. आज तुझं कार्ड ओळखण्याचं काम तेच अल्सा करतं.

आज रात्री निवांत बसून करून बघ. नाहीच जमलं, तर एफ सिक्सच्या यादीचा फोटो काढून मला पाठव. बारापर्यंत जागी आहे मी.