शेवटच्या शिक्क्यापासून सुरुवात

न्हावा शेव्याला आमचा पहिला कंटेनर जहाजावर चढला, त्या दिवशी मी कारखान्यात पेढे वाटले. २०२३ च्या पावसाळ्यातली ही गोष्ट. हिंगणा एमआयडीसीत जाऊबाई आणि मी मिळून मसाल्याचं छोटं युनिट चालवतो. सावजी मसाला, काळा मसाला, भिवापुरी मिरचीचं तिखट असा वीस फुटी कंटेनर भरून माल कुवेतला चालला होता. पेढे वाटले त्याच तारखेपासून बँकेचे २१ दिवस मोजायला लागले होते, हे मला चौदाव्या दिवशी कळलं.

व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर होता. एलसी म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची हमी: ठरलेले कागद ठरलेल्या मुदतीत आणा, पैसे देतो. बँक तिखटाचा रंग बघत नाही, वास घेत नाही. ती फक्त कागद वाचते, तेही अक्षर न अक्षर. जगभरच्या बँका यासाठी यूसीपी ६०० नावाची नियमावली पाळतात, २००७ पासून लागू असलेली. एलसीत वेगळं काही लिहिलं नसेल, तर माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत सगळे कागद बँकेत गेले पाहिजेत, असं तिचं चौदावं कलम सांगतं. आमच्या एलसीत इनव्हॉइस आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशातला, याचा दाखला) 'चेंबरने प्रमाणित आणि कुवेतच्या वकिलातीने लीगलाइज केलेलं' हवं, अशी एक ओळ होती (चेंबर म्हणजे व्यापाऱ्यांची संस्था). ती मी वाचली होती. तिचा अर्थ मात्र कुणाला विचारला नव्हता.

याशिवाय खरेदीदाराला आमच्याकडून एक अधिकारपत्र हवं होतं: कुवेतमध्ये आमच्या मालाचे वितरक तेच, असं लिहून दिलेलं. त्यांच्या मेलमध्ये 'नोटराइज्ड अँड लीगलाइज्ड' असे दोन शब्द जोडीने होते. मला वाटलं, दोन्हींचा अर्थ एकच. घराचे कागद, मुलाच्या प्रवेशाचे कागद, सगळं आपण नोटरीकडूनच करून घेतो. कागद कायदेशीर झाला म्हणजे नोटरीचा शिक्का बसला, एवढंच आपल्याला माहीत असतं.

म्हणून सगळे कागद घेऊन मी सिव्हिल लाइन्सला गेले. टेबलामागच्या वकीलसाहेबांनी मूळ कागद मागितला नाही, माझी ओळख बघितली नाही, रजिस्टरवर सही घेतली नाही. झेरॉक्सवर भराभर शिक्के मारले, लाल स्टिकर चिकटवले. "ताई, ठप्पा लागला, आता काहाची काळजी?" असं म्हणाले. खरोखर मी निश्चिंत होऊन घरी आले.

नोटरीचं काम नोटरी कायदा, १९५२ आणि त्याखालच्या नियमांनी बांधलेलं आहे. शिक्का गोल, पाच सेंटिमीटर व्यासाचा, त्यावर नाव, अधिकारक्षेत्र आणि नोंदणी क्रमांक असतो. केलेल्या कामाची नोंद रजिस्टरमध्ये व्हावी लागते. लाल स्टिकर दिसायला भारदस्त असला, तरी कागदाचा जीव रजिस्टरमधल्या त्या नोंदीत असतो. पुढे कुणी विचारलं, तर दाखवायला तीच उरते. आता मी नोटरीसमोर बसून सही करते, रजिस्टरवर सही केल्याशिवाय उठत नाही आणि नोंदीचा अनुक्रमांक कागदावर आला की नाही ते बघते.

दुसरी चूक त्याहून महाग पडली. कागद दिल्लीला पाठवून परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणतो, असं एका एजंटने सांगितलं. मंत्रालय २०१२ पासून हे कागद सामान्य माणसाकडून थेट घेत नाही. नेमून दिलेल्या संस्थांमार्फतच ते जातात, त्यामुळे मध्ये कुणीतरी असणं चुकीचं नव्हतं. पण त्याने मला विचारलं, "अपॉस्टिल करायचं ना?" आणि मी हो म्हणाले. चार-पाच दिवसांत अधिकारपत्रावर सुबक क्रमांकित स्टिकर लागून आला. त्याचा फोटो मी कुवेतला पाठवला. उत्तर एका ओळीचं आलं: वकिलातीला हा कागद चालत नाही.

अपॉस्टिल ही ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातली सोय आहे. करारात असलेल्या देशांनी एकमेकांचे सार्वजनिक कागद एकाच दाखल्यावर मान्य करायचे, वकिलातींच्या फेऱ्या वाचवायच्या. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. पण दोन्ही देश करारात असले तरच त्याचा उपयोग. ओमान त्यात आहे, बहारीन आहे, सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये आला. कुवेत, कतार, संयुक्त अरब अमिराती हे देश मी शोधलं तेव्हा यादीत नव्हते. अशा देशांसाठी लांबचा रस्ता घ्यावा लागतो: चेंबर, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, मग त्या देशाची वकिलात, आणि शेवटी तिथे पोहोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं. यादी बदलत राहते. बांगलादेश मार्च २०२५ पासून करारात आहे. म्हणून शेजाऱ्याने मागच्या वर्षी काय केलं ते विचारू नका. हेग परिषदेच्या संकेतस्थळावरची यादी त्या दिवशी उघडून बघा.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणीही सांगितली नव्हती. त्या कराराच्या पहिल्याच कलमात अपवाद आहे: व्यापाराशी किंवा सीमाशुल्काशी थेट संबंध असलेल्या प्रशासकीय कागदांना तो लागू होत नाही. त्यामुळे देश यादीत असला, तरी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनसारख्या कागदाला अपॉस्टिल चालेलच, असं गृहीत धरता येत नाही. विचारायचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं.

अधिकारपत्र मी नव्याने केलं. तोवर माल चढला होता आणि इनव्हॉइस घेऊन मी चेंबरच्या दारात उभी होते. तिथल्या बाईंनी कागद शांतपणे वाचून परत दिला. चेंबरकडे आमच्या युनिटच्या वतीने नमुना सही होती जाऊबाईंची, इनव्हॉइसवर सही होती माझी. शिवाय आमच्या आयात-निर्यात कोडवर युनिटच्या नावात 'फूड्स' आहे आणि मी छापून आणलेल्या लेटरहेडवर 'फूड'. "वहिनी, एस राहिला ना तुमचा," त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी राग आला. आज त्यांचे उपकार वाटतात, कारण हीच चूक पुढे वकिलातीत सापडली असती, तर दिल्लीहून कागद परत येण्यात आठवडा गेला असता.

तिथे, त्या खुर्चीवर बसल्या बसल्या, मला या साखळीचा अर्थ लागला. चेंबर आपल्या दप्तरातली नमुना सही बघून म्हणतं, ही सही यांचीच. मंत्रालय म्हणतं, हा शिक्का त्या चेंबरचाच. कागदातल्या मजकुराची जबाबदारी मंत्रालय घेत नाही. वकिलात म्हणते, ही सही मंत्रालयाच्या अधिकाऱ्याचीच. प्रत्येक जण फक्त आपल्या मागच्याची सही ओळखतो. मध्ये वेगळा हात आला, की पुढच्याला ओळखायला काही उरत नाही. मिरची चांगली आहे, आम्ही प्रामाणिक आहोत, हे यातला एकही शिक्का सांगत नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की सुरुवात शेवटच्या शिक्क्यापासून करा. खरेदीदाराला विचारा, कागद तुमच्याकडे कुठल्या टेबलावर जाणार आहे आणि त्या टेबलाला त्यावर आधीची कुणाची सही लागते? तिथून एकेक पायरी मागे येत नागपूरपर्यंत या. मग दिसतं की नोटरीची गरज सगळ्याच कागदांना नसते. आपण स्वतः लिहून दिलेल्या कागदाला, म्हणजे अधिकारपत्र, मुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्र यांना, ती लागते. इनव्हॉइस आणि ओरिजिनचा रस्ता सहसा चेंबरपासून सुरू होतो. मी त्यांच्या झेरॉक्सवर नोटरीचे शिक्के मारून घेतले होते, त्याचा कुणालाच काही उपयोग झाला नाही.

नागपुरात नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स आहे, विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आहे. ज्या संस्थेचे सभासद व्हाल, तिचं नाव सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन देणाऱ्या संस्थांच्या, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) यादीत, म्हणजे परिशिष्ट २-ई मध्ये, आहे का ते बघा. ऑर्डर हातात येण्याआधीच नमुना सह्या देऊन ठेवा, आणि एकाच्या नव्हे, दोघांच्या. घरात कुणी आजारी पडलं, म्हणून कंटेनर थांबू नये. ओरिजिनचं हे साधं प्रमाणपत्र जानेवारी २०२५ पासून डीजीएफटीच्या पोर्टलवरूनच काढावं लागतं. ते ऑनलाइन मिळालेलं प्रमाणपत्र तिकडच्या वकिलातीला चालतं, की त्यावर शाईचा शिक्का हवा, हा प्रश्नही आधीच विचारायचा. अमिरातीला माल जात असेल, तर मे २०२२ पासून लागू झालेल्या भारत-अमिराती व्यापार करारामुळे सवलतीच्या शुल्कासाठीचं ओरिजिन प्रमाणपत्र वेगळं असतं. साधं पाठवलं, तर खरेदीदाराची शुल्कातली बचत बुडते आणि तो पुढच्या भावात ती वसूल करतो.

वेळेचा हिशेब तर मी पूर्ण चुकले होते. अधिकारपत्र, फ्री सेल सर्टिफिकेट (हा माल आपल्या देशात मोकळेपणाने विकला जातो, असा दाखला) हे कागद माल भरण्याच्या कितीतरी आधी होऊ शकतात. इनव्हॉइस आणि ओरिजिनवर जहाजाचा, बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीचा, तपशील हवा असेल, तर ते माल चढल्यावरच पूर्ण होतात, आणि तेव्हा घड्याळ सुरू झालेलं असतं. कुवेतला शुक्रवार-शनिवार सुट्टी, आपल्याकडे शनिवार-रविवार. दोन्हीकडची कार्यालयं एकाच वेळी उघडी मिळतात ती सोमवार ते गुरुवार, चारच दिवस. त्यात ईद, त्यात आपले सण, त्यात नागपूर-दिल्ली कुरियर. २१ दिवसांत हे बसवणं नवख्या माणसाला जड जातं.

आमचे कागद बँकेत पोहोचले सत्ताविसाव्या दिवशी. बँकेच्या भाषेत ती 'डिस्क्रिपन्सी' झाली, म्हणजे हमी संपली आणि पैसे देणं-न देणं खरेदीदाराच्या मर्जीवर गेलं. मूळ बिल ऑफ लेडिंग बँकेच्या कागदांत अडकलेलं, त्यामुळे कुवेतच्या शुवैख बंदरात कंटेनर उभा आणि त्याचं भाडं चढत चाललेलं. खरेदीदार भला होता, त्याने माल घेतला, पण बंदरातलं भाडं कापून आणि वर भावात सूट मागून. त्या कंटेनरमध्ये आम्हाला काही सुटलं नाही. पॅकिंगवरच्या बायकांचा दिवाळीचा बोनस त्या वर्षी निम्माच देता आला, याची बोच मला अजून आहे. त्यांनी तर माल वेळेत भरून दिला होता.

त्यानंतर एलसीचा मसुदा आला, की मी तो पक्का होण्याआधी बँकेत घेऊन बसते. 'वकिलातीने लीगलाइज केलेलं' ही अट खरोखर गरजेची आहे का, की चेंबरचं प्रमाणपत्र पुरेल, हे खरेदीदाराला विचारते. बऱ्याचदा ती जुन्या मसुद्यातून उतरलेली असते आणि सहज निघते. निघत नसेल, तर कागद सादर करायची मुदत वाढवून मागते. एकदा एलसी उघडली, की प्रत्येक दुरुस्तीला पैसे आणि दिवस दोन्ही लागतात. शिक्का लागून आलेला कागद मी स्वतः तपासते, अपॉस्टिलच्या स्टिकरचा क्रमांक ऑनलाइन ताडून बघते. मंत्रालयाची अपॉस्टिलची फी कागदामागे ५० रुपये आहे, साध्या अटेस्टेशनला फी नाही, वर सेवासंस्थेचा आकार. एजंटच्या बिलात हे वेगवेगळं लिहून घेते, म्हणजे आपण कशाचे किती देतोय ते कळतं.

मागच्या महिन्यात काटोलहून एका मुलीचा फोन आला. संत्र्याची कँडी करते, कतारहून पहिली ऑर्डर आली आहे. "मावशी, चांगला नोटरी कोणता, तेवढं सांगा." मी तिला म्हटलं, आधी त्यांचा मेल वाचून दाखव. तिने वाचला. 'लीगलाइज्ड' हा शब्द त्यात होताच. कुठल्या कागदावर, कुणाकडून, माल निघायच्या आधी की नंतर, हे तीन प्रश्न मी तिला लिहून घ्यायला सांगितले. परवा तिचा निरोप आला: मेल गेला आहे, उत्तर यायचं आहे, कंटेनरचं बुकिंग अजून केलेलं नाही.